गंध आणि लेप जाईपर्यंत

नंदुरबार, शहादा, तळोद्याकडची तापीकाठची काळी जमीन चैत्रात भेगाळते आणि आषाढात फुगते. बेसाल्ट झिजून बनलेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकण खनिजे आहेत. त्यांच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. पाणी, क्षार आणि काही तेलकट द्रव्ये ते धरून ठेवतात. मुलतानी मातीचे बरेचसे गुण याच जातीच्या खनिजांचे. लेप वाळला की चेहऱ्याचा तेलकटपणा कमी होतो, त्याचे कारण एवढेच. मुलतानी मातीच्या पाकिटावरचा मजकूर मात्र एवढ्यावर थांबत नाही. माती शरीरातली विषे ओढून घेते, मन शांत करते, माणसाला आतून स्वच्छ करते, असे तो सांगतो. रक्तातली नकोशी द्रव्ये गाळण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. कातडीवरचा लेप तिथवर पोचत नाही. मग आतल्या शुद्धीची ही भाषा आली कुठून? ती धर्मातून उचललेली आहे, आणि उचलताना तिच्या अटी मागे टाकलेल्या आहेत.

धर्मशास्त्रात मृत्तिका हे शुद्धीचे साधन आहे, हे खरे. पण तिथला दावा आजच्या जाहिरातीपेक्षा पुष्कळ संयमी आहे. अमंगळ वस्तूचा गंध आणि लेप जाईपर्यंत माती-पाणी वापरावे, असे मनुस्मृती सांगते. म्हणजे कसोटी नाकाची आणि बोटांची, आत्म्याची नव्हे. त्याच अध्यायात सर्व शुद्धींमध्ये द्रव्यव्यवहारातली, म्हणजे पैशाच्या व्यवहारातली, शुद्धी श्रेष्ठ मानली आहे. केवळ माती-पाण्याने शुद्ध झालेला तो खरा शुद्ध नव्हे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. यावर कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की ज्या ग्रंथाने माणसांनाच अशुद्ध ठरवले, तो शुद्धीच्या बाबतीत साक्षीला कसा चालतो? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो जाळला गेला, तो याच कारणाने. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच बळकट होतो. शुद्धी हाताच्या डागापुरती होती तोवर ती निरुपद्रवी होती. ती माणसाच्या आत नेऊन बसवली, जन्माला चिकटवली, तेव्हा तिचा अत्याचार झाला. म्हणून 'आतून शुद्ध' या शब्दांकडे, ते गुलाबी पाकिटावर असले तरी, संशयानेच पाहावे.

खानदेशातल्या लोकधर्मात मातीचे स्थान वेगळेच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी मातीची घागर भरतात, भादव्यात मुली गुलाबाई बसवतात, पोळ्याला मातीचे बैल पुजतात. इथे माती कोणाला धूत नाही. ती काही काळ देव किंवा पितरांचे पात्र होते आणि काम झाले की बहुधा पाण्यात किंवा मातीतच परत जाते. तिच्याकडून स्वतःच्या कातडीसाठी काही मागितलेले नसते.

लेपाच्या गुणांवरच्या या संशयाला निसर्गोपचारवाले हरकत घेतील. गांधीजींनी अॅडॉल्फ जुस्टच्या ग्रंथावरून मातीच्या पट्ट्या सुरू केल्या, आगाखान पॅलेसमधल्या स्थानबद्धतेत आरोग्यावर लिहिताना त्यांना स्वतंत्र जागा दिली आणि १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचाराचा आश्रम उभा राहिला. हे सगळे निव्वळ भ्रम होते काय? ओल्या मातीची पट्टी थंडावा देते, तो खरा आणि सुखद असतो. पण गांधीजींची माती खत न घातलेल्या जागेची, स्वच्छ आणि शंका आल्यास तापवून घेतलेली असायची. ही अट सोवळ्याची नव्हे, जंतूंची होती. धनुर्वाताचे बीजाणू मातीत राहतात, आणि नवजात बाळाच्या नाळेला माती-शेण लावण्याच्या रूढीने किती बाळे दगावली असतील, त्याची गणती नाही. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असे मातीने कधीच सांगितलेले नाही.

गांधीजींची ती स्वच्छ मातीची अट आज तापीकाठी लावून पाहिली तर पंचाईत होते. पायाखाली उत्तम चिकणमाती असलेल्या तालुक्यांतही लेपासाठीची माती पाकिटातून येते, आणि त्यात काही वावगे नाही. उलट तेच शहाणपणाचे असू शकते. कापूस आणि मिरचीच्या वावरांवर हंगामात फवारण्या होतात, रासायनिक खत पडते. तिथली माती चेहऱ्याला लावायची तर आधी तिच्यात आजवर काय काय गेले याचा हिशेब हवा. मनुस्मृतीने श्रेष्ठ मानलेली द्रव्यव्यवहाराची शुद्धी इथे लागू होते: पाकिटातली माती कोणाच्या खाणीतून, कोणत्या मजुरीवर, कोणत्या तपासणीनंतर आली, हे पाकिटावर छापलेले नसते; आणि वावरातल्या मातीचा हिशेब फवारा मारणाऱ्याकडेही पूर्ण नसतो.