ओळख पटण्याआधी

दादर आणि माटुंगा ही मध्य रेल्वेवरची लागोपाठची स्थानकं. माटुंग्याच्या पुढे, किंग्ज सर्कलजवळ षण्मुखानंद सभागृह आहे. कर्नाटक संगीताच्या मोठमोठ्या कच्चेऱ्या, म्हणजे तिकडच्या मैफली, तिथे कित्येक दशकं होत आल्या आहेत. तरीही अभिजात गाण्यावर जीव टाकणाऱ्या, सवाई गंधर्व महोत्सव सहसा न चुकवणाऱ्या किती मराठी घरांतून तिथे कुणी गेलेलं असतं? माझ्या ओळखीत तरी फार थोड्या. आपल्या रोजच्या जगण्याबाहेरचं काही अनुभवायचं म्हटलं की मनात परदेशाचं तिकीट येतं. अनोळखी जग मात्र एक स्टेशन पुढे असतं आणि तिथवर जायला अंतर आडवं येत नाही.

आडवं येतं ते आपलं जाणतेपण. यमनाचा दुसराच स्वर लागताच ज्याची मान डोलते, अशा माणसाला त्या सभागृहात कोरी पाटी घेऊन बसावं लागतं. शेजारची आजी सहज दाद देते आणि ती कशाला दिली हे आपल्याला उमगत नाही. पन्नाशीच्या माणसाला हे फार जड जातं. मला वाटतं, नव्या सांस्कृतिक अनुभवाची खरी किंमत ही आहे. प्रवासखर्च त्यापुढे किरकोळ.

हिंदुस्थानी कानाला कच्चेरीत आधी घाई जाणवते. वर्णम या रचनेनं सुरुवात होते आणि मृदंगम पहिल्यापासून सोबत असतो. विलंबित ख्यालात एकेका स्वरावर ठाण मांडून बसायची सवय असलेल्याला इथला स्वर सतत हलता वाटतो. तो हलण्यानंच पूर्ण होतो, हे कळायला वेळ लागतो. सगळ्यात गोंधळ उडतो तालाचा. आपला तबला ठेका धरतो. त्याचे बोल ऐकले की आपण आवर्तनात कुठे आहोत हे समजतं. मृदंगम असा ठेका धरून बसत नाही. तो कृतीच्या, म्हणजे गायल्या जाणाऱ्या रचनेच्या अंगानं वाजतो, तिच्या ओळींना आकार देत जातो. मग ताल असतो कुठे? गायकाच्या आणि श्रोत्यांच्या हातात. आदितालाच्या आठ मात्रा अशा मोजतात: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, नंतर टाळी आणि उताणा हात, पुन्हा टाळी आणि उताणा हात. सभागृहात जिकडेतिकडे मांड्यांवर हे चाललेलं दिसतं. श्रोताही तिथे तालाचा भार उचलतो.

म्हणून तिथे जाणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असतं, मांडीवर हात ठेवा. चुकेल, सुटेल, शेजाऱ्याकडे बघून पुन्हा धरा. हात स्थिरावला की एखादी कृती टाळीवर न उचलता टाळीनंतर किंचित पुढून का उचलली, ते दिसू लागतं. तनि आवर्तनात, म्हणजे तालवाद्यांच्या स्वतंत्र वादनात, मृदंगम आणि घटम यांचा संवाद कुठे जाऊन मिळणार याची उत्सुकता वाटू लागते. घाई मग कुठल्या कुठे जाते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. कधीतरी गायिका हिंदोळम सुरू करते आणि आपल्याला हायसं वाटतं: अरे, हा तर मालकंस! मोहनम म्हणजे आपला भूप, कल्याणी म्हणजे यमन. स्वर तेच आहेत, हे खरंच. धोका मला इथेच दिसतो. ओळख पटल्याक्षणी मनात मालकंस वाजू लागतो आणि समोरचं गाणं त्याच्या मापानं मोजलं जातं. मध्यमावर हवा तसा ठहराव नाही, गांभीर्य कमी पडतं, असे शेरे सुचतात. कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांची ‘सामजवरगमना’ ही कृती हिंदोळमातली. तिचा उल्हास मध्यरात्रीच्या मालकंसात शोधून सापडणार नाही. जे आपल्याकडे नाही तेच तर ऐकायला गेलो होतो, आणि ओळखीनं नेमकं तेच झाकलं.

हे फक्त गाण्यात होतं असं नाही. दुसऱ्यांचं जेवण, लग्न, प्रार्थना, नाटक, सगळीकडे ‘हे आपल्या अमुकसारखंच’ हे वाक्य फार लवकर येतं. त्यात आपुलकी असते, ती मी नाकारत नाही; पण त्या वाक्यापाशी कुतूहल थांबतं. पहिल्या भेटीत जे खुपतं, कंटाळवाणं वाटतं, बहुधा तिथेच त्या माणसांचं स्वतःचं काहीतरी असतं. एका फेरीत आपल्याला फक्त आपली आवडनावड कळते. त्यांचं ते स्वतःचं काहीतरी कळायला पुन्हा जायला हवं, आणि शेजारी बसलेल्या जाणत्याला बिनधास्त विचारायला हवं. विचारल्याचा राग आलेला जाणता रसिक मला तरी भेटलेला नाही.

आपली परंपराच जन्मभर पुरेल एवढी मोठी आहे, असं काही जण म्हणतात. त्यांच्या निष्ठेचा मला आदर आहे. पण त्या परंपरेतले थोर लोक असे वागले नाहीत. मिरजेला स्थायिक झालेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारात गेले, त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं. त्यांच्या घराण्याच्या सरगमेत त्या ऐकण्याचा वाटा आहे, असं जाणकार मानतात. खरहरप्रियेतली त्यागराजांची कृती त्यांनी ध्वनिमुद्रितही केली. 1937 साली त्यांचं निधन झालं तेही तिकडेच, मद्रासहून पाँडिचेरीला जाताना, वाटेतल्या सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर.

उलट दिशेनंही असंच घडलं. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावुरात जात. त्यांची कीर्तनं ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तिच्यात रुजले. कच्चेरीच्या उत्तरार्धात आजही अनेकदा अभंग गायला जातो. तो सुरू झाला की सभागृहातले मराठी श्रोते सरसावून बसतात, उच्चारांकडे कान लावतात. तोवर मुख्य कृती होऊन गेलेली असते, तिच्यातलं निरवल (एका ओळीचा विस्तार), कल्पनास्वर (उत्स्फूर्त सरगम), तनि आवर्तन सगळं संपलेलं असतं. सरसावून बसायचं ते तेव्हा.