शेजाऱ्याची साक्ष : गिरणगावच्या आठवणींतील एक नैतिक प्रश्न

गिरणगावातून उठून विरार, कळवा, डोंबिवलीला किंवा थेट कोकणातल्या गावी गेलेली माणसे पुन्हा एकमेकांना शोधताना दिसतात. चाळीच्या जुन्या रहिवाशांचे मेळावे भरतात, गणेशोत्सवाच्या निमित्ताने पांगलेली कुटुंबे एकत्र येतात आणि बोलणे पाहता पाहता गॅलरी, सार्वजनिक नळ, गिरणीचा भोंगा यांवर येऊन ठेपते. या बोलण्याची दखल बहुधा दोन प्रकारे घेतली जाते. गतकातरता म्हणून ते निकालात काढले जाते, किंवा लोकांचा इतिहास म्हणून जसेच्या तसे उचलले जाते. दोन्ही भूमिकांतून एक गोष्ट निसटते. येथे आठवण सांगणारा आणि ऐकणारा यांचे नाते वक्ता-श्रोत्याचे नसून ते एकमेकांचे साक्षीदार असतात. आत्मचरित्रकाराला अनोळखी वाचकासमोर जी मोकळीक असते, ती जुन्या शेजाऱ्यासमोर उरत नाही.

याचे कारण प्रथमतः भौतिक आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बांधलेल्या २०७ चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीत एक कुटुंब, गावाहून आलेले नातलग, आणि काही खोल्यांत तर पाळीप्रमाणे आळीपाळीने निजणारे पुरुष. ‘खाजगी’ ही कोटीच अशा जागेत अपुरी पडते. पगाराचा दिवस, नवऱ्याचे पिणे, मुलीचे मोडलेले लग्न, न पेटलेली चूल हे सारे गॅलरीला ठाऊक असे. साहजिकच चाळीस वर्षांनी कोणी आपल्या बालपणाची कथा रचू लागला, की तिच्यातल्या गाळलेल्या जागा समोरच्या खोलीतल्या माणसाला आधी दिसतात. व्यक्तीची स्मृती समूहाने पुरवलेल्या चौकटीतच उभी राहते, हा मॉरिस आल्बवाक्स यांनी १९२५ साली मांडलेला विचार येथे शब्दशः खरा ठरतो. तथापि त्याने स्मृती कशी टिकते एवढेच कळते. समूहानेच काही विसरायचे मनावर घेतले, तर ज्याला ते विसरता येत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर त्यात नाही.

वरळीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९७४ मध्ये, लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या धामधुमीत, दलित पँथरच्या सभेनंतर बीडीडी चाळींच्या परिसरात दंगल उसळली. त्याच महिन्यात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. दंगलीतली दोन्हीकडची बरीचशी माणसे एकाच वस्तीत राहणारी, अनेकदा एकाच गिरणीत जाणारी होती. बौद्धांच्या आणि सवर्णांच्या चाळी बव्हंशी वेगळ्या होत्या, ही गोष्टही ‘आम्ही सारे गुण्यागोविंदाने राहत होतो’ या वाक्यात मावत नाही. ते वाक्य उच्चारणारा खोटे बोलत असतो असे मुळीच नाही. त्याच्या चाळीपुरते, त्याच्या मजल्यापुरते ते खरे असते. पण ‘आम्ही’ या सर्वनामाची व्याप्ती वाढवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? कारखान्यातही तेच. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, तेव्हा विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या विणकामात, येऊ दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. ज्याच्या बापाला साचाखाते बंद होते आणि ज्याचा बाप तेथे साचा चालवीत होता, अशा दोघांनी गिरणीच्या भोंग्याची आठवण एकत्र काढली, तर भोंगा एकच असतो. आठवण एक असेलच असे नाही.

अविशाय मार्गालित यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात स्मरणाचे कर्तव्य प्रामुख्याने घन नात्यांपुरते, म्हणजे कुटुंब, मित्र, स्वजन यांच्यापुरते मानले आहे. परक्याशी असलेल्या विरळ नात्यात ते तितकेसे लागू होत नाही. चाळीतला शेजारी या विभागणीत नीट बसत नाही. तो रक्ताचा नसतो, निवडलेलाही नसतो, आणि पुष्कळदा गाव व जात यांच्या साखळीतूनच शेजारी येऊन राहिलेला असल्याने निव्वळ योगायोगाचाही नसतो. शिवाय हे नाते सशर्त असू शकते. जात लपवून परमुलखात खोली मिळवणाऱ्या आणि जात उघड होताच मार खाणाऱ्या तरुणाची बाबुराव बागुलांची कथा (‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३) शेजाराची ही अट निर्दयपणे उघडी करते. याउलट मराठी वाचकाच्या मनात ‘चाळ’ म्हटल्यावर जी ऊब जागी होते, ती बव्हंशी ‘बटाट्याची चाळ’ची (१९५८) देणगी आहे. ती चाळ पांढरपेशांची. तिची ऊब गिरणगावाला उसनी लावली गेली, आणि गंमत अशी की आता गिरणगावकरही आपल्या आठवणी त्याच सुरात सांगू लागले आहेत.

ऊब खोटी म्हणून टाकून द्यावी, असा याचा अर्थ होत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. त्या काळात शेजाऱ्याने दिलेल्या पसाभर तांदळावर घरे तगली, हे ज्यांनी अनुभवले त्यांना शेजाराचे मोल कोणत्याही सिद्धांताने शिकवावे लागत नाही. याच काळातली खाणावळ चालवणारी बाई मात्र आठवणींत विचित्र जागी उभी आहे. एकट्या राहणाऱ्या कामगारांना ती महिन्याच्या बोलीवर जेवू घालत असे. पगार थांबले तेव्हा तिचे पैसेही थांबले. वाण्याचे देणे मात्र तिच्या नावावर चढत राहिले. जुने शेजारी भेटतात तेव्हा तिच्या हातच्या माशाच्या कालवणाचा विषय हमखास निघतो. तिच्या वहीतल्या उधारीचा निघत नाही. ती हयात नसली तरी तिची मुले असतात, कधी कधी त्याच मेळाव्यात मागच्या खुर्चीवर बसलेली असतात. आणि कालवणाची तारीफ ऐकून हसायचे की वहीची आठवण काढायची, हे त्यांना त्या क्षणी ठरवावे लागते. २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना नव्या मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या घरांना गॅलरी नाही. कोणाची वही कोणाकडे राहिली हे आता विचारायचे झाले, तर मुद्दाम दार वाजवावे लागेल.