सन्मानाची पदवी आणि न लिहिलेलें कर्ज

पदवीदानाचा झगा परत करतांना वहींत सही करावी लागते. पदवी मात्र कायमची आपली म्हणून हातीं देतात, तिच्या परतीची तारीख कोणी लिहून घेत नाहीं. सन्मानासह बी. ए. होऊन फुलचुरास परत आल्यापासून हा फरक माझ्या मनांत घोळत आहे.

फुलचूर हें गोंदिया शहराला अगदीं लागून असलेलें गांव. शहर वाढत आहे, आणि लहानपणीं जेथें रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखल असे, तेथें आतां प्लॉटांचे दगड उभे दिसतात. त्यांतलीच एक बांधी आमची होती. माझ्या नागपुरांतील शिक्षणासाठीं ती गेली. आलेल्या पैशांत एकाचेंच शिक्षण होण्यासारखें होतें. मी दुसऱ्या वर्षांत असतां माझी धाकटी बहीण बारावीस माझ्याहून अधिक गुण मिळवून उत्तीर्ण झाली, आणि तिनें बिड्या वळण्यास आरंभ केला. घरांत कोणी तिजवर जुलूम केला नाहीं. निर्णय जणूं आपोआपच झाला. असे आपोआप होणारे निर्णय बहुधा मुलींच्याच विरुद्ध कां जातात, हा प्रश्न इतिहासाचा विद्यार्थी असूनही मला त्या वेळीं सुचला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

महाविद्यालयानें मला काय दिलें? आरंभीं दिली ती लाज. खानावळींत मीं ‘पानी’ मागितलें कीं शेजारचीं मुलें हंसत. झाडीपट्टींतला ‘न’ टाकून ‘ण’ उच्चारण्यास मला फार दिवस लागले नाहींत. पण सुटींत घरीं गेल्यावर आईच्या बोलण्यांतला ‘न’ मला खुपूं लागला, तेव्हां आपण किती दूर गेलों हें समजलें. दुसरी देणगी मात्र खरीच मोलाची. एका अध्यापकांनीं माझा निबंध परत करतांना समासांत एवढेंच विचारलें होतें, कीं हें मत तुमचें कीं पुस्तकाचें? त्या निबंधास गुण चांगले होते. तरी ते कोणाचे, हें मला सांगतां येईना. पुढें सन्मानाची यादी लागली, तेव्हांही मला त्याच समासांतल्या प्रश्नाची आठवण झाली.

अशा वेळीं आपल्याकडील तरुणाला आगरकर आठवतात. एम्. ए. च्या सुमारास त्यांनीं आपल्या आईस लिहिलेल्या पत्राविषयीं बहुतेक वाचकांनीं ऐकलें असेल. मुलगा मोठ्या पगाराची जागा मिळवील ही आशा तूं सोडून दे. पोटापुरत्या पैशांत संतोष मानून मी आपला वेळ परहितांत घालविणार, असा त्याचा आशय. गोपाळराव त्या शब्दाला जागले. १८८० सालीं निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें ते मागाहून दाखल झाले, १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते, आणि १८९५ सालीं चाळिशी न गांठतां वारले. पण ते पत्र मीं यंदा पुन्हां वाचलें तें मुलाच्या बाजूनें नव्हे, तर आईच्या बाजूनें. ज्या पैशावर मुलगा पाणी सोडीत होता, त्याची वाट तिनें किती वर्षें पाहिली असेल! दुसऱ्याच्या उपासावर मिळविलेल्या विद्येचें फळ त्यागण्याचा अधिकार एकट्या विद्यावंताला आहे काय? आगरकरांविषयींचा माझा आदर तिळभरही उणा झालेला नाहीं. प्रश्न मात्र राहतो. आणि त्यागाची सीमा कोठें, हें त्या त्यागी मंडळींतही एकमतानें ठरलें नव्हतें. आजीव सभासदांनीं बाहेर पैसे मिळवावे कीं नाहीं हाही त्यांच्यांतला एक वाद होता, आणि १८९० सालीं टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले.

रँग्लर परांजपे यांचें प्रकरण त्या मानानें सोपें. सोसायटीची सेवा करण्याचें वचन देऊन ते विलायतेस गेले, १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिले आले, आणि मोठमोठ्या जागा खुल्या असतां वचनाप्रमाणें फर्ग्युसनमध्यें परत आले. तें वचन पाळणें कठीण असेल, पण निदान तें कोणाला दिलें हें ठाऊक होतें. माझें कर्ज कोणीं लिहून घेतलेलें नाहीं. तें समाजाचें म्हणावें, तर कोणत्या? समाजसेवा करीन म्हटलें कीं टाळ्या मिळतात, आणि शेजारच्या खोलींत सूप मांडीवर घेऊन बसलेली बहीण हिशेबांतून सुटते. ‘समाज’ हा शब्द इतका मोठा आहे कीं त्याच्या आड घरचा सावकार सहज लपवितां येतो.

माझे सोबती पुण्यास स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासाला गेले. मलाही जावेंसें वाटतें, आणि त्यांत कांहीं पाप आहे असें मी मानीत नाहीं. पण त्याला आणखी दोन-तीन वर्षें आणि आणखी एक बांधी हवी. तूर्त मीं गोंदियांत एका शिकवणीवर्गांत काम धरलें आहे. पगार थोडा, पण पहिल्या महिन्याचे पैसे मीं बहिणीपुढें ठेवले आणि मनांत जुळविलेलें वाक्य म्हणूं लागलों. तिनें तें पुरें होऊं दिलें नाहीं.

“दादा, हे बांधीचे पैसे फेडतोस का मले विकत घेतोस?” ती म्हणाली. “फी मी भरीन. तू इंग्रजी शिकव.”

मुक्त विद्यापीठाचा अर्ज तिनें आधींच आणून ठेवला होता. त्यांतला पत्ता तिनें लिहिला होता, विषयांचा रकाना कोरा होता. आम्ही त्या रात्रीं तो भरावयास बसलों, आणि इतिहास घ्यावा असें मीं सुचवितांच तिनें मान हलविली. तिला अर्थशास्त्र हवें आहे. तें मला येत नाहीं.