जंतूचे तंतू आणि कर्माचे भोग

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'मागच्या जन्माचे भोग, दुसरं काय!' दुःखाला काही अर्थ असावा, ही ओढ त्यामागे असते आणि तिचा मला आदर आहे. पण हा निवाडा चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा त्या जंतूच्या अंगावरच सापडतो. स्ट्रेप्टोकोकस गोर्डोनी हा आपल्या तोंडात कायम वस्तीला असलेला जिवाणू. लाळेबरोबर गिळलं जाऊ नये म्हणून तो दातावरच्या थराला धरून राहतो. त्याच्या पृष्ठभागावरची तंतूंसारखी प्रथिनं लाळेतल्या प्रथिनांवरचं सियालिक आम्ल ओळखून त्याला चिकटतात. दात घासताना हिरडीतून रक्त आलं, की काही जिवाणू रक्तात उतरतात. निरोगी झडपेच्या गुळगुळीत अस्तरावर ते सहसा टिकत नाहीत. खराब झालेल्या झडपेवर मात्र फायब्रिन आणि प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या गोष्टी साचलेल्या असतात, आणि प्लेटलेटवरही तेच सियालिक आम्ल असतं. दातासाठीची पकड अशी हृदयात लागू पडते. मग वर फायब्रिनचे आणखी थर चढतात, पांढऱ्या पेशी आत पोचत नाहीत, आणि शिरेतून प्रतिजैविकं बहुधा ४ ते ६ आठवडे द्यावी लागतात. यात शिक्षेचा हेतू कुठे बसवायचा?

कर्मवादी म्हणेल, हेतू जंतूत शोधूच नका. कर्म निसर्गनियमांतूनच फळतं. आक्षेप वजनदार आहे. पण मग कुठलंही दुखणं या सिद्धान्तात बसतं, आणि ते याच माणसाला का झालं हे काही कळत नाही. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना नेमकं हेच विचारतो: सगळी सुखदुःखं पूर्वकर्मानेच येतात का? बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणं सांगतात; कर्म त्यांतलं एक. कर्म मानणाऱ्या परंपरेनेच ही मर्यादा घालावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

कर्म वगळलं तर जबाबदारी कुणाचीच उरत नाही, अशीही भीती असते. मला तर जबाबदारी तिथूनच सुरू झालेली दिसते. आपल्याकडे कितीतरी जणांची झडप लहानपणीच्या र्‍हुमॅटिक तापाने बिघडलेली असते: दाटीवाटीचं घर, दुखरा घसा, वेळेवर न मिळालेलं पेनिसिलिन. 'भोग' म्हणून हात जोडले, की यातलं काहीच विचारलं जात नाही. हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. ते चुकलं असेल, तर दवाखान्यात औषध नव्हतं, एसटीच्या भाड्याला पैसे नव्हते, की आईला कुणी नीट सांगितलंच नव्हतं?