माझ्या विझार्डला काय यायला हवं?

पुढच्या रविवारी आमची नवी मोहीम सुरू होते आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम, टेबलाभोवती चार खेळाडू आणि गोष्ट चालवणारी डंजन मास्टर. पात्रं एकदम पाचव्या पातळीवरची घ्यायची असं ठरलं आहे. जादूगाराचं पात्र, म्हणजे विझार्ड, मी मागून घेतलं. आता कोऱ्या कागदावर तिचं सगळं भांडवल मांडायचं आहे: सहा गुणांचे आकडे, चौथ्या पातळीची वाढ, मंत्रांच्या वहीतले चौदा मंत्र. नियम मला नीट येतात आणि यातलं सर्वांत सरस काय, तेही ठाऊक आहे. तरी हात अडतो. सरस म्हणजे कुणासाठी सरस, याचं उत्तर देताना मी स्वतःशी किती खरं बोलते, ते एकदा तपासून बघायचं आहे.

आधी आकडे. प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो आणि वाढवायला एकूण २७ पॉइंट मिळतात. एखादा गुण १५ पर्यंत न्यायला ९ पॉइंट पडतात, १४ ला ७, १२ ला ४. विझार्डची सारी जादू बुद्धीवर चालते, तेव्हा बुद्धी १५, वंशाची भर पडून १६. काटकपणा १४. अंगावर चिलखत नाही म्हणून चपळाईही १४. उरलेल्या चार पॉइंटांत विवेक १२. ताकद ८, आणि माणसावर छाप पाडण्याची, त्याला आपलंसं करण्याची जी शक्ती, खेळाडूंच्या बोलण्यातला करिझ्मा, तोही ८. हा साचा विझार्ड खेळणाऱ्या बहुतेकांच्या हातात बसलेला आहे. करिझ्मासमोर ८ लिहिताना माझी पेन्सिल जराही थांबत नाही. त्या आकड्याकडे मला पुढे यायचं आहे.

चौथ्या पातळीला दोन वाटा फुटतात. बुद्धी आणखी दोनानं वाढवायची, किंवा एखादी खास क्षमता घ्यायची, जिला फीट म्हणतात. बुद्धी १६ ची १८ झाली तर वीस बाजूंच्या फाशावर एका आकड्याचा फरक पडतो, म्हणजे वीस फेकींत एखादी माझ्याकडे झुकेल; शिवाय रोज एक मंत्र जास्त तयार ठेवता येईल. दुसरीकडे ‘वॉर कास्टर’ ही फीट. काही मंत्र टिकवायला एकाग्र राहावं लागतं. घाव बसला की काटकपणाची फेक करायची, १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मा, यातला मोठा आकडा गाठायचा, नाहीतर मंत्र तुटतो. काटकपणा १४ असताना १० गाठायला वीसात सात वेळा चुकतं, म्हणजे तिनात एकदा तरी. वॉर कास्टर असेल तर दोन फासे टाकून त्यातला चांगला घेता येतो आणि चूक आठात एकावर येते. हिशेब सरळ आहे. पण या क्षमतेचं फळ कुणाला दिसत नाही. मंत्र तुटला नाही म्हणून टेबलावर कुणी टाळ्या वाजवत नाही. माझं मन बुद्धीकडे ओढ घेतं, ते कागदाच्या वरच्या भागात, सगळ्यांना दिसेल असं, १८ लिहिता यावं म्हणून. हे दुसऱ्या कुठल्या कारणाखाली झाकण्यात अर्थ नाही.

विझार्ड मुळात तोफखाना होता. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे छोट्या सैनिकांनी खेळायच्या मध्ययुगीन लढायांचे नियम काढले. त्याच्या कल्पनारम्य पुरवणीतला विझार्ड आगीचा गोळा फेकतो आणि त्या गोळ्याच्या माऱ्याखाली मोठ्या कॅटापल्टइतकी जागा येते. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा ती तोफ एका पात्राच्या हाती गेली, नाव असलेल्या, जीव जाऊ शकणाऱ्या पात्राच्या. तिला लगाम म्हणून गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’मधली कल्पना घेतली: मंत्र डोक्यात साठवायचा, एकदा म्हटला की तो पुसला जातो. पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळायचा. तो संपला की उरलेला दिवस इतरांच्या पाठीमागे उभं राहायचं. आताचे नियम बरेच सैल आहेत, पण पाचव्या पातळीलाही तिसऱ्या दर्जाचे मंत्र दिवसाला दोनदा, मध्ये विश्रांती मिळाली तर फार तर तीनदाच टाकता येतात. सरस मंत्रांसाठी माझी जी धडपड चालते, तिच्यामागे पुष्कळदा ही भीती असते की हात रिकामे झाल्यावर माझा कुणाला काय उपयोग? जन्मभर हुशारीवर निभावून नेलेल्या माणसाला ही भीती ओळखीची असते, आणि मी तशी आहे.

भीतीपोटी केलेली निवड कशी असते, ते ‘नॉक’ या मंत्रात स्वच्छ दिसतं. दुसऱ्या दर्जाचा मंत्र. कुलूप, अडसर, कडी, काहीही असो, उघडतं. ठोका ३०० फुटांवर ऐकू जातो, पण फासा टाकावा लागत नाही. हा मंत्र १९७४ च्या पहिल्या पुस्तिकांतही होता. चोराचं पात्र मात्र १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून आलं. म्हणजे कुलपं उघडणारा खेळात यायच्या आधीच त्याचं काम जादूगाराकडे होतं. आमच्याकडे चोर खेळणारा मुलगा टेबलावरचा सगळ्यांत धाकटा, अकरावीतला. परवा त्यानं त्याचा कागद दाखवला. कुलपांच्या कामात दुप्पट प्रावीण्य घेतलंय, आणि हत्यारांच्या पेटीत काय काय आहे ते एकाखाली एक लिहिलंय: छोटी कानस, आरसा, पक्कड, आकडे. “ताई, कुलपं माझ्याकडे हां,” एवढंच म्हणाला. नॉक घेण्याची माझी कारणं तयार आहेत. तो बेशुद्ध पडला तर? मागे सैनिक लागले आणि वेळच नसला तर? कारणं खोटी नाहीत. पण तो शुद्धीत असताना, फासा हातात घेऊन वाकलेला असताना, “थांब, मी उघडते,” असं मी म्हणणार नाही, याची हमी मला देता येत नाही. कुणाची गरज पडू नये, ही माझी फार जुनी इच्छा आहे, आणि नॉक ती पुरवतो.

सरस निवडणं गैर आहे, असं मात्र मी मानत नाही. फीट आल्या त्या २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत. तिच्या रचनाकारांपैकी माँटी कुक यांनी पुढे मोकळेपणानं लिहिलं की नियमांवर प्रभुत्व मिळवणाऱ्याला त्याचं फळ मिळावं, अशी ती रचना होती. सगळे पर्याय एका तोलाचे नव्हते. मला ते प्रभुत्व आवडतं. रात्री जेवणं आटोपल्यावर पुस्तक उघडून दोन मंत्रांची तुलना करण्यात माझा वेळ आनंदात जातो. शिवाय इतर तिघांची पात्रं माझ्या मंत्रांच्या भरवशावर गुहेत उतरतात. मुद्दाम दुबळं पात्र घेऊन साधेपणा मिरवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

म्हणून तो आगीचा गोळा, तिसऱ्या दर्जाचा ‘फायरबॉल’, मी घेणार. १५० फुटांपर्यंत कुठेही, २० फूट त्रिज्येत, सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. गॉब्लिनचा जीव ७. त्यानं अंग चोरलं तरी निम्मा घाव बसतोच, आणि तेवढा पुरतो. आठ फासे ओंजळीत खुळखुळतात तेव्हा होणारा आनंद निखळ आहे. त्याबद्दल माझ्या मनात काही खुपत नाही.

त्याच दर्जाचा ‘हेस्ट’ मी दुसऱ्यावर टाकायचा. आमच्यातल्या लढवय्या पात्राला, पॅलाडिनला, पाचव्या पातळीपासून एका पाळीत दोन वार मिळतात. हेस्टमुळे तिसरा मिळतो, वेग दुप्पट होतो, बचाव दोनानं चढतो. मिनिटभर, म्हणजे लढाईच्या दहा पाळ्या, माझी एकाग्रता त्यात गुंतलेली. ती तुटली तर शिक्षा मला होत नाही. शत्रूंच्या गराड्यात पॅलाडिन जागच्या जागी थिजते; तिची पुढची पाळी जाईपर्यंत तिला हलता येत नाही, वार करता येत नाही. म्हणजे वॉर कास्टर माझ्या कागदावर असला तरी जीव तिचा वाचवतो. हे लक्षात आल्यावर मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीही मी चौकशी केली. पॅलाडिननं शेवटचा वार केला की “तुझ्यामुळे जमलं” हे ऐकायला माझे कान टवकारलेले असतात. तिच्या तिसऱ्या वाराची बेरीज मी मनात वेगळी ठेवते. तेव्हा हेस्ट निवडला म्हणून मी निःस्वार्थी ठरत नाही. तरीही तो फायरबॉलच्या बरोबरीनं वहीत हवा, कारण फासा तिच्या हातात राहतो, आणि कुठे धावायचं, कुणाला वाचवायचं, ते तीच ठरवते.

खरी अडचण आहे ती ‘सजेशन’ची. दुसऱ्या दर्जाचा मंत्र. साहित्य म्हणून सापाची जीभ, आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा किंवा गोड तेलाचा थेंब. एकदोन वाक्यांत वाजवी वाटेल असं काही सुचवायचं. समोरच्याची विवेकाची फेक हुकली की तो ते करू लागतो, आठ तासांपर्यंत. पहिल्या दर्जाच्या ‘चार्म पर्सन’ची मोहिनी उतरली की त्या माणसाला कळतं, हिनं माझ्यावर मोहिनी टाकली होती. २०१४ च्या पुस्तकात सजेशनच्या मजकुरात अशी ओळ नाही. मी आजवर चार्म पर्सन सोडून सजेशन घेत आले आणि कारण सांगत आले की तो जास्त वेळ टिकतो. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले, आणि मला खरी भुरळ त्या नसलेल्या ओळीची आहे हे नाकारता आलं नाही. समोरच्याला कळू नये, ही ती सोय. मेलेल्यांना उठवून राबवणं हे सत्कृत्य नव्हे, असं तेच पुस्तक स्पष्ट सांगतं. जिवंत माणसाची इच्छा वाकवण्याबद्दल ते गप्प आहे, आणि ते मौन मी परवानगीसारखं वापरते.

आता तो करिझ्माचा ८. गावचा मुखिया काहीतरी लपवतो आहे, असं समजा. त्याच्याशी बोलून त्याला राजी करायचं तर मध्यम अवघड कामाचा आकडा १५; करिझ्मा ८ असेल तर चारांत एकदा जमेल. सजेशनचा आकडा माझ्या बुद्धीवर ठरतो, १४. साधा गावकरी त्याला वीसात तेरा वेळा बळी पडतो. फरक डोळ्यांत भरतो. पण तो मीच तयार केलेला आहे. माणसांशी बोलण्याच्या गुणावर मी एकही पॉइंट खर्च करत नाही, ते सगळे बुद्धीकडे आणि स्वतःच्या बचावाकडे वळवते, आणि मग बोलून जमत नाही म्हणून मन वाकवणारा मंत्र घेते. विनंती करण्याची ताकद विकून सक्ती करण्याची ताकद विकत घेते, आणि या व्यवहाराला उत्तम विझार्ड म्हणते. माझ्या नोकरीत, घरात, हा व्यवहार मी कुठे कुठे करते, ते इथे लिहिण्याची गरज नाही. मला ते माहीत आहे.

मुखिया कागदावरचा आहे, त्याला काही लागत नाही, हे खरं. पण तो का लपवतो, कुणाला घाबरतो, कोणत्या शब्दावर त्याचा गळा दाटून येतो, हे आमच्या डंजन मास्टरनं बसून लिहिलेलं असतं. सजेशन टाकला की यातलं काहीच ऐकावं लागत नाही. ती हसून “ठीक आहे, सांगतो तो,” म्हणते आणि वही मिटते. ते ऐकण्याचे कष्ट मला नको असतात.

मी विवेकाचे चार पॉइंट काढून करिझ्माला दिले. विवेक ८, करिझ्मा १२. सरस खेळाडूला ही अदलाबदल पटणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे: माझ्याच विझार्डचं मन वाकवणं आता सोपं झालं, आणि मुखियाला राजी करण्याची शक्यता चारांत एकवरून फक्त वीसात सातवर गेली. नॉक आणि सजेशन वहीत नाहीत. मग पॅलाडिन खेळणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. तिच्या पात्राचा करिझ्मा १६ आहे. गावात बोलायचं काम तू करशील का, असं विचारलं. “करीन की,” ती म्हणाली, “पण तू मागे गप्प उभी राहणार असशील तर नाही. दोघी बोलू.” तिनं हे सहज म्हटलं. मी वॉर कास्टर लिहून टाकला आणि उरलेल्या मंत्रांकडे वळले.