पाळणा आणि हिशेब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण दत्तजन्माचा पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो, महाप्रसाद करतो. तीन देव भिक्षेला आले आणि अनसूयामातेनं त्यांची बाळं करून त्यांना दूध पाजलं, ही कथा लहानपणापासून ऐकतो. मला ती म्हातारपणी समजू लागली. मातेनं देवाचं लेकरू केलं. लेकराच्या रूपानं देव आपल्या दारी आला, तर आपण काय करतो?

मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. रोवणीच्या दिवसांत एकदा एक बाई काउंटरवर आली. "साहेब, दोनशे रुपये भेटन का जी? लेकरू तापानं फणफणते." खात्यात किमान शिलकीपलीकडे काही नव्हतं. मी नियम सांगितला. नियम बरोबरच होता. संध्याकाळी माझी कॅश पैशापैशानं जुळली. पण स्वतःच्या खिशातले दोनशे काढावेत हे सुचलं नाही, आणि तो मेळ आजतागायत बसला नाही.

कोणी म्हणतात, ज्याचं त्याचं कर्म. पण दोन किलोचं जन्मलेलं बाळ कोणतं कर्म घेऊन येतं ते आपल्याला दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की आई नवव्या महिन्यातही बांधीत वाकलेली असते. आपल्या चिमूर भागातली कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, सोबत लेकरंही जातात आणि शाळा सुटते. गरिबी म्हणजे नुसता पैसा नसणं नव्हे. वजन, शाळा, औषध एकामागोमाग हातचं जाणं, ही गरिबी.

मग दान कोणतं करावं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 साली आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, त्याला उबदार ठेवायला आणि अंगावर पाजायला शिकवत, जंतुसंसर्ग झाला तर औषध देत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 पासून सरकारनं आशाताईंमार्फत हीच पद्धत देशभर नेली. तिकडे हेमलकशाला 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तिथे दवाखाना चालतो आहे, पुढे शाळाही झाली.

यातून मला एक गोष्ट उमजली. आपण पावतीपुस्तकात देणाऱ्याचं नाव आणि रक्कम लिहितो. या मंडळींनी घेणाऱ्याच्या बाजूचा हिशेब ठेवला : किती जन्मले, किती जगले. संस्थेला पैसे देताना आपणही हाच हिशेब मागावा. त्यात अविश्वास नाही, श्रद्धाच आहे.

मात्र संस्थेला चेक दिला म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यांत मधमाशी आहे. ती साठवते आणि नेतो दुसराच. आपल्या पेन्शनचंही तेच. महाप्रसाद अवश्य करावा. पण मिरचीच्या हंगामात गल्लीतलं एखादं लेकरू आजीजवळ मागे राहिलं, तर त्याचं संध्याकाळचं ताट आणि अभ्यास एवढं आपण सांभाळू शकतो. शाळा सुटणार नाही.

यंदा पाळण्याची दोरी हातात येईल तेव्हा मला ती बाई आठवेल. तिच्या लेकराचं पुढं काय झालं, ते मी कधी विचारलंच नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.