मूठभर नाण्यांचे मोल



गेल्या कार्तिकी एकादशीस आपल्या इतवाऱ्यातील मंदिराच्या दानपेटीत जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली सात नाणी निघाली. सभामंडपाचे छत गळते, हे आपण सर्व जाणतोच. तेव्हा या नाण्यांचे मोल काय, ते पाहून येण्याची आज्ञा तीर्थरूपांनी आम्हांस केली.

आमच्या हातून पहिली चूक घडली ती इथेच. देवाची भांडी जशी उजळावी, तशी सर्वांत जुनी रूपेरी मुद्रा आम्ही चिंचेने घासून लखलखीत केली. पुढे एका वृद्ध मौलवींनी तीवरील फारसी अक्षरे वाचून सांगितले की, ही आपल्याच बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीची आहे. मोगलांनी या नगरास 'दार-उस्-सुरूर', म्हणजे आनंदाचे घर, म्हटले होते. परंतु तिच्यावरची शतकांची काळोखी उतरताच संग्राहकांच्या लेखी तिचे मोल घटले! मळ समजून आम्ही जे पुसले, ती तिच्या वयाची साक्ष होती.

इतर नाण्यांचा हिशेब सराफाने केला. इंग्रजी अमलातील रुपया वजनाने नेमका एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. असे चार निघाले. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. तसा १९४४ चा एक. सातवे नाणे १९४७ चे. ते निकेलचे, त्यात चांदीचा अंशही नाही. सराफाने ते बोटाने बाजूस सारले.

आम्ही हर्षभराने घरी आलो. तीर्थरूपांनी मात्र विचारले, "देणाऱ्या माउलीस हे ठाऊक आहे काय? न जाणता दिलेले आपण जाणून घ्यावे, हे दान नव्हे." चिंधीवरून शोध लागला. ती आपल्याच वस्तीतील एक वृद्धा. आम्ही नाणी तिच्यापुढे मांडली, प्रत्येकाचे मोल सांगितले आणि चिंचेचा अपराधही कबूल केला. तिने शांतपणे ऐकले, सहा नाणी आमच्याकडे सरकवली आणि निकेलचा रुपया उचलून म्हणाली, "एवढे चुकून गेले, बाळा. माझ्या बारशाला वडिलांनी पाळण्यात ठेवलेला हा. बाकीची देवाची, मोल कळले तरी देवाचीच."

वाचकहो, त्या क्षणी आमचा सारा हिशेब उलटा झाला. २०२५ साली 'छावा' चित्रपटानंतर असीरगडाच्या परिसरात शेतांतून मोहरा निघतात अशी आवई उठली, आणि माणसे रात्री विजेऱ्या व धातुशोधक यंत्रे घेऊन माती उकरू लागली, हे आपणांस स्मरत असेल. वास्तविक जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, असा १८७८ चा कायदाच आहे. पण कायदा बाजूस ठेवला, तरी प्रश्न उरतोच: आपण मोल शोधतो ते कोठे?

सुदाम्याच्या पुरचुंडीत मूठभर पोहे होते. द्वारकेच्या बाजारात त्यांस कोण पुसते? भगवंतांनी पाहिला तो त्यांतला भाव. सत्यभामेच्या तुळेत अलंकार अपुरे पडले आणि एका तुलसीदलाने पारडे फिरले. आमच्या सराफाच्या काट्यावर जे सर्वांत हलके ठरले, तेच त्या माउलीस सोडवेना. आणि जे भारी ठरले, ते तिने पुन्हा एकवार जाणतेपणी सोडले.

म्हणून, बंधुभगिनींनो, मोल अवश्य पाहावे. अज्ञानाने फसू नये, फसवू तर मुळीच नये. आपल्या देवघरांत जुनी नाणी असतील, तर ती घासू नयेत. वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांची हकीकत आधी विचारावी. उद्या ती सांगणारे कोणी नसेल. आणि देवास काही देणे असेल, तर पूर्ण जाणून, मोकळ्या हाताने द्यावे.

सहा नाण्यांचे काय करावे, याचा निर्णय आता सभेने घ्यावयाचा आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे छतासाठी पाच पुरेत. बुऱ्हाणपूरची मुद्रा मंदिरातच राहावी. आमच्या हाताने पुसली गेलेली तिची काळोखी आम्हांस रोज काही शिकवीत राहील.

श्रीकृष्णार्पणमस्तु.